सेनेकाचीं दोन सांत्वनपत्रें

मनुष्यावर एखादें संकट कोसळलें म्हणजे त्याचें सांत्वन करावयास येणाऱ्या मंडळींत दोन प्रकारचे लोक आढळतात. कांहीं जण मुकाट्यानें जवळ येऊन बसतात, व कांहीं जण उपदेश करूं लागतात. पहिल्यांचा उपयोग तत्काळ ध्यानांत येतो. दुसऱ्यांचा बहुधा येत नाहीं. तथापि तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांनीं परंपरेनें पत्करलेलें काम या दुसऱ्या प्रकारचेंच आहे. नोकरी सुटली, व्यापार बुडाला, परीक्षेंत अपयश आलें, अथवा चार लोकांत मानहानि झाली, तर अशा प्रसंगीं ग्रंथांतील विचार खरोखरच हाताशीं येतात काय, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. तो प्रत्येक कुटुंबांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतो, आणि त्याचें उत्तर ज्याचें त्याला द्यावें लागतें.

या प्रश्नाचा विचार आज करण्यास एक निमित्तहि आहे. प्राचीन ग्रीस व रोम येथील स्टोइक पंथाच्या विचारांना गेल्या कांहीं वर्षांत पुनः मोठा वाचकवर्ग लाभला असून, एपिक्टेटस, मार्कस ऑरेलियस व सेनेका यांच्या ग्रंथांतून वेंचलेल्या वचनांचीं पुस्तकें इंग्रजी ग्रंथविक्रेत्यांच्या दुकानांतून सहज दृष्टीस पडतात. दिवसाला एक पान, पानावर एक वचन, असा त्यांतील कित्येकांचा क्रम असतो. वचनें वेंचून काढण्यांत वाईट कांहींच नाहीं. सुभाषितांवर वाढलेल्या आम्हां लोकांना तर त्यांची गोडी सांगावयास नको. परंतु सांत्वनाचें वचन औषधासारखें असतें. तें कोणी, कोणाला व कोणत्या अवस्थेंत दिलें, हें कळल्याखेरीज त्याचा गुण सांगतां येत नाहीं. आणि नेमकी हीच माहिती वेंच्यांच्या पुस्तकांत गळून जाते.

स्टोइकांची मुख्य शिकवण थोडक्यांत अशी. जगांतील कांहीं गोष्टी आपल्या स्वाधीन आहेत व कांहीं नाहींत. आपलीं मतें, आपल्या इच्छा व आपलें वर्तन हीं आपल्या हातचीं. शरीर, संपत्ति, अधिकार व लौकिक हीं पराधीन. पराधीन वस्तु गेल्यामुळें आपलें खरें हित बुडालें असें मानणें ही बुद्धीची चूक असून, शोक हा त्या चुकीचा परिणाम होय. आमच्या वाचकांना येथें गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील स्थितप्रज्ञाचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. पण या साम्यावर फार भर देऊं नये. स्टोइकांची दृष्टि मोक्षाकडे लागलेली नाहीं. हें विश्व विवेकानें चाललें आहे, मनुष्य हा त्या विश्वाचा नागरिक आहे, आणि नागरिकानें आपल्या वांट्याचें काम चोख करावें, हा त्यांचा आग्रह आहे.

ही शिकवण एपिक्टेटसनें निकोपोलिस येथील आपल्या शाळेंत विद्यार्थ्यांपुढें मांडली, व मार्कस ऑरेलियस बादशहानें ती स्वतःच्या उपयोगासाठीं टिपून ठेविली. सेनेकाची गोष्ट वेगळी आहे. त्यानें ती भर संकटांतून, दुसऱ्या मनुष्यास उद्देशून, पत्रांच्या रूपानें लिहिली. अशीं दोन पत्रें आज उपलब्ध आहेत. दोन्ही एकाच बेटावरून, एकाच हद्दपारींत लिहिलेलीं आहेत. आणि त्यांतील एक वाचून लेखकाविषयीं जितका आदर वाटतो, तितकाच दुसरें वाचून संकोच वाटतो. स्टोइक विचारांची परीक्षा करावयाची तर या जोडपत्रांइतकें चांगलें साधन आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

प्रथम प्रसंग सांगितला पाहिजे. ल्यूसियस अॅनियस सेनेका हा स्पेनमधील कॉर्दोबा येथील सधन घराण्यांत जन्मला. त्याचा बाप वक्तृत्वशास्त्राचा नामांकित जाणकार होता. मुलगा लहानपणींच रोमला आला, वक्ता म्हणून गाजला व सिनेटचा सभासद झाला. इ. स. ४१ मध्यें कॅलिगुलाचा वध होऊन क्लॉडियस गादीवर आला, आणि त्याच वर्षीं कॅलिगुलाची बहीण जूलिया लिव्हिला हिच्याशीं व्यभिचार केल्याचा आरोप सेनेकावर ठेवण्यांत आला. या आरोपामागें क्लॉडियसची राणी मेसालिना हिचा हात होता, असें डिओ कॅसियस हा इतिहासकार सांगतो. सेनेकाचे प्राण वांचले ते क्लॉडियसनें सिनेटपुढें शब्द टाकल्यामुळें, असें खुद्द सेनेकाच्याच लिहिण्यावरून दिसतें. त्याला कॉर्सिका बेटावर धाडण्यांत आलें, व तेथें तो इ. स. ४९ पर्यंत, म्हणजे सुमारें आठ वर्षें राहिला. अधिकार, नांवलौकिक, घर, मित्रमंडळी, सर्वच एका फटक्यासरशीं गेलें.

पहिलें पत्र त्याची आई हेल्व्हिया हिला लिहिलेलें आहे. आरंभींच तो सांगतो कीं, लिहावें असें पुष्कळदां मनांत येऊनहि आपण हात आंवरला, कारण ताज्या जखमेला औषध लावूं गेलें तर ती अधिक चिडते. शिवाय, ज्याच्यासाठीं रडणें चाललें आहे त्यानेंच रडणाऱ्यांचे डोळे पुसावे, असा दाखला त्याला जुन्या ग्रंथांत शोधूनहि सांपडला नव्हता. ही अडचण खरी आहे. चितेवरील मनुष्यानें उठून नातेवाईकांची समजूत घालावी, तसाच हा प्रकार.

यापुढें तो जें करतो तें या पत्रांतील सर्वांत धाडसाचें काम होय. सांत्वन करणारे लोक जुनीं दुःखें सहसा झांकतात; सेनेका तीं सर्व एकामागून एक बाहेर काढतो. जन्मतांच आई गेली. मायाळू मामा गेला, आणि महिना लोटण्यापूर्वींच पति गेला. तीन नातवंडें गेलीं. त्यांतच सेनेकाचा स्वतःचा मुलगा आजीच्या मांडीवर, तिच्या हातांत वारला, व त्याची उत्तरक्रिया होऊन वीस दिवस झाले नाहींत तोंच मुलाच्या हद्दपारीची बातमी तिच्या कानावर आली. हा हिशेब मांडण्यांत लेखकाचा हेतु असा कीं, एवढें सोसलेल्या स्त्रीला आपली शक्ति किती आहे हें कळावें. येथें एक गोष्ट सहज नजरेंतून सुटण्यासारखी आहे. मेलेला मुलगा सेनेकाचा आहे. परंतु त्याचा मृत्यु बापाच्या दुःखांत मांडलेला नाहीं, तो आजीच्या दुःखांत मांडलेला आहे. स्वतःच्या पुत्रशोकाविषयीं तो एक अक्षर लिहीत नाहीं. आमच्या मतें साऱ्या पत्राचें मर्म या एका मौनांत आहे.

पत्राच्या मधल्या भागांतील युक्तिवाद मात्र सारख्या तोलाचे नाहींत. हद्दपारी म्हणजे केवळ स्थानांतर, असें सेनेका म्हणतो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मनुष्यजातीच्या भटकंतीचा इतिहास सांगतो. रोम शहरच पाहा. त्यांतील अर्धेअधिक लोक परगांवचे. कॉर्सिका बेट पाहा. तेथें फोकिया सोडून आलेले ग्रीक उतरले, मग लिगुरियन आले, मग स्पॅनिश आले, आणि पुढें मारियस व सुल्ला यांनीं रोमन वसाहती वसविल्या. माहिती मनोरंजक आहे, परंतु ती मुद्द्याला लागत नाहीं. ते लोक बायकामुलें बरोबर घेऊन, कांहींएका आशेनें निघाले होते. सेनेकाला शिक्षा म्हणून पाठविलें होतें. गांव बदलणें आणि गांवांतून घालविलें जाणें या दोहोंतील अंतर हेल्व्हियासारख्या शहाण्या बाईच्या लक्षांत आलें नसेल असें म्हणवत नाहीं.

दारिद्र्याविषयींचा भाग याहून सरस आहे. त्यांत अॅपिकियस नामक खादाड धनिकाची गोष्ट येते. या गृहस्थानें दहा कोटी सेस्टर्स स्वयंपाकघरांत उधळले, व पुढें हिशेब करतां एक कोटीच शिल्लक आहेत असें पाहून, आतां उपाशी मरावें लागणार या भयानें विष घेतलें. दारिद्र्याची रेषा पैशाच्या आंकड्यानें आंखलेली नसते, हें सिद्ध करण्यास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

मानहानीविषयींचा भाग तर सर्वांत चांगला उतरला आहे. सीझरच्या विरोधामुळें मार्सेलस हा सरदार मिटिलीनी येथें हद्दपारींत राहत होता. त्याला भेटून परत निघतांना ब्रूटसला असें वाटलें कीं, मार्सेलसला येथें ठेवून आपण जात नसून आपणच हद्दपारीस निघालों आहों. मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या जागेवर अवलंबून नसते, हें तत्त्व येथें उपदेशाच्या रूपानें न येतां एका मित्राच्या अनुभवाच्या रूपानें येतें, आणि म्हणूनच तें मनांत ठसतें.

परंतु हेल्व्हियाला खरा उपयोग झाला असेल तो शेवटच्या भागाचा. येथें सेनेका तिला करण्याजोगीं कामें सांगतो. तिला विद्येची गोडी होती. पण नवरा जुन्या चालीचा, आणि विद्या मिरविणाऱ्या कांहीं स्त्रियांचीं उदाहरणें पाहून बिचकलेला, म्हणून त्यानें तिला पुरतें शिकूं दिलें नाहीं. सेनेका बापाविषयीं अनादर न दाखवितां ही चूक बोलून दाखवितो आणि सांगतो कीं, आतां ग्रंथांकडे परत जा. दुसरे दोन मुलगे आहेत, एक अधिकारांत चढलेला व एक निवांत राहणारा, त्यांच्याकडे पाहा. लाडका नातू मार्कस आहे. त्याच्या बडबडीपुढें कोणतें दुःख टिकेल? नोव्हाटिला ही नात नुकतीच आईवेगळी झाली आहे. तिला वळण लाव. आणि तुझी बहीण आहे. ही बहीण म्हणजे, सेनेकाला लहानपणीं कडेवर घेऊन रोमला आणणारी व आजारांत जपणारी मावशी. तिचा पति सोळा वर्षें इजिप्तचा सुभेदार होता. तो परतीच्या प्रवासांत समुद्रावर वारला, तेव्हां जहाज फुटत असतांहि तिनें त्याचें प्रेत सोडलें नाहीं. आकाशांतील ताऱ्यांपासून निघालेलें पत्र असें घरांत येऊन, एका पोरक्या मुलीपाशीं थांबतें. आपण स्वतः आनंदांत असून सृष्टीच्या अभ्यासांत गढलों आहों, असा निरोप देऊन सेनेका पत्र संपवितो.

आतां दुसरें पत्र पाहूं. क्लॉडियसच्या दरबारांत पॉलिबियस नांवाचा, गुलामगिरींतून मुक्त झालेला एक वजनदार मनुष्य होता. बादशहाकडे येणाऱ्या अर्जांचें काम त्याच्याकडे असे. होमर त्यानें लॅटिनमध्यें व व्हर्जिल ग्रीकमध्यें उतरविला होता. त्याचा भाऊ वारला, तेव्हां म्हणजे इ. स. ४३ च्या सुमारास, सेनेकानें कॉर्सिकाहून त्याला सांत्वनपत्र धाडलें. पत्राचा आरंभीचा भाग नष्ट झाला आहे. उरलेल्या भागांत युक्तिवाद बहुतेक पूर्वीचेच आहेत. सर्व कांहीं नाशवंत आहे, थोरामोठ्यांनींहि भाऊ गमावले आहेत, विद्येचा आश्रय कर, वगैरे. परंतु लवकरच एक नवा उपाय पुढें येतो, व तो म्हणजे बादशहा. क्लॉडियस सुखरूप असतां तुला रडण्याचा अधिकार काय? त्याच्याकडे पाहिलें कीं डोळे कोरडे झालेच पाहिजेत. एवढ्यावर न थांबतां लेखक खुद्द क्लॉडियसच्या तोंडीं एक लांबलचक सांत्वनपर भाषण घालतो, त्याच्या दयाळूपणाचे पोवाडे गातो, आणि ब्रिटनच्या विजयोत्सवाच्या वेळीं आपणांसहि रोममध्यें असतां यावें अशी आशा आडून सुचवितो. शेवटीं, चोहोंकडून रानटी भाषा कानांवर आदळत असल्यामुळें आपलें लॅटिन गंजलें आहे, अशी क्षमा मागतो. आईला लिहितांना सृष्टीच्या अभ्यासांत गढलेला पुरुष तो हाच.

या अर्जाचा उपयोग झाला नाहीं. पुढें चारपांच वर्षांत पॉलिबियस स्वतःच मेसालिनेच्या कारस्थानांत मारला गेला, आणि सेनेकाची सुटका झाली ती क्लॉडियसची नवी राणी अॅग्रिपिना हिच्या वशिल्यानें, तिचा मुलगा नीरो याचा शिक्षक म्हणून. इ. स. ५४ मध्यें क्लॉडियस मरतांच, त्याला देवत्वाऐवजीं भोपळेपण प्राप्त झालें अशा अर्थाच्या नांवाचें एक बोंचक प्रहसन बाहेर पडलें, व तें सेनेकाच्याच नांवावर चालतें.

हीं पत्रें एकाशेजारीं एक ठेवून वाचणारे दोन निष्कर्ष काढीत आले आहेत. कोणी म्हणतात, सेनेका ढोंगी होता, म्हणून त्याचें तत्त्वज्ञानहि पोकळ. त्याच्या अफाट संपत्तीकडे बोट दाखवून हा आरोप त्याच्या हयातींतच झाला होता. उलटपक्षीं त्याचे चाहते पॉलिबियसचें पत्र झांकूं पाहतात. तें त्याचें नव्हेच, किंवा त्यांतील स्तुति उपरोधाची आहे, असें म्हणण्यापर्यंत कांहींची मजल गेली आहे. दोन्ही पक्ष आम्हांस मान्य नाहींत. वैद्य आजारी पडला म्हणून औषध खोटें ठरत नाहीं. आणि हद्दपारीच्या एकांतवासांत मोडलेल्या मनुष्याला ढोंगी म्हणण्यापूर्वीं टीकाकारानें स्वतःस त्या बेटावर क्षणभर ठेवून पाहावें.

आमचें मत असें आहे. दोन्ही पत्रांत औषध एकच आहे. गुण मात्र निराळा येतो. याचें कारण युक्तिवादांत शोधून सांपडणार नाहीं. आईकडून सेनेकाला कांहीं मिळवावयाचें नव्हतें. ती त्याला कॉर्सिकाहून सोडवूं शकत नव्हती. म्हणून तिला लिहितांना त्याची नजर तिच्यावर राहिली, आणि तिच्यावर राहिली म्हणूनच स्वतःच्या संकटावरून उठली. पॉलिबियसला लिहितांना त्याचा एक डोळा अखेरपर्यंत रोमच्या वाटेवर होता. तेथें मेलेला भाऊ हें निमित्त झालें, तत्त्वें हीं भाषेचीं अलंकरणें झालीं, आणि जें पराधीन म्हणून सोडून द्यावयाचें तेंच मागण्यासाठीं त्यांचा उपयोग झाला. तेव्हां या तत्त्वज्ञानाचें सामर्थ्य त्याच्या वचनांत स्वयंभू नाहीं. तें कोणत्या हेतूनें हातीं घेतलें यावर त्याचें फळ अवलंबून आहे.

दुःखांत दृष्टि विशाल करावी, म्हणजे दुःख लहान दिसूं लागतें, असें या पंथाच्या नांवानें पुष्कळदां सांगितलें जातें. या उपायाची एक प्रसिद्ध कसोटी सेनेकाच्या आधीं सुमारें शंभर वर्षें होऊन गेली होती. इ. स. पूर्वीं ४५ मध्यें सिसेरोची मुलगी टूलिया वारली, तेव्हां त्याचा मित्र सर्व्हियस सल्पिसियस यानें त्याला ग्रीसहून पत्र लिहिलें. समुद्रावरून येतांना त्याला एजायना, मेगारा, पायरियस व कॉरिंथ हीं एके काळचीं भरभराटलेलीं शहरें भग्नावस्थेंत पडलेलीं दिसलीं. जेथें शहरांचीं प्रेतें पडलीं आहेत तेथें एका अल्पायुषी मनुष्यासाठीं आपण इतका शोक करावा काय, असें त्याच्या मनांत आलें, व तेंच त्यानें मित्राला कळविलें. दृष्टि याहून विशाल ती कोणती असणार? सिसेरोनें आभार मानले, पण उत्तरांत मोठी खरी गोष्ट सांगितली. पूर्वी ज्या थोर पुरुषांनीं अपत्यशोक गिळला त्यांना राज्यकारभाराचें काम तरी उरलें होतें; आपलें तेंहि गेलें आहे. घरीं कन्या नाहीं, आणि बाहेर सभा नाहीं.

सिसेरोचें हें उत्तर स्टोइक वचनांच्या प्रत्येक संग्रहाच्या शेवटीं छापावें असें आम्हांस वाटतें. उद्ध्वस्त शहरांच्या शेजारीं ठेवल्यानें मुलीचा मृत्यु लहान होत नाहीं. विशाल दृष्टीचा उपयोग इतकाच कीं, आपल्या दुःखापलीकडेहि जग आहे हें दिसावें. परंतु तेथवर गेलेली नजर परत येऊन कोठें टेंकावयाची, याची सोय झाली नाहीं तर ती भिरभिरतच राहते. हेल्व्हियाच्या पत्राचें श्रेष्ठत्व येथें आहे. ताऱ्यांचें दर्शन करवून झाल्यावर सेनेकानें आईच्या हातीं नोव्हाटिला दिली.

उतारवयांत सेनेकाचा स्वरहि बदलला. राजकारणांतून अंग काढून घेतल्यावर, इ. स. ६५ मध्यें नीरोच्या हुकुमानें त्याला प्राणत्याग करावा लागला त्याच्या आधींच्या दोनतीन वर्षांत, त्यानें लूसिलियस या मित्राला लिहिलेलीं १२४ पत्रें आज उपलब्ध आहेत. त्यांतील एकांत तो म्हणतो कीं, आपण वैद्य म्हणून बोलत नाहीं. एकाच दवाखान्यांत शेजारीं पडलेल्या रोग्यानें दुसऱ्याशीं समाईक दुखण्याविषयीं बोलावें, तसें बोलत आहों. दुसऱ्या एका पत्रांत, मित्राच्या मृत्यूबद्दल लूसिलियसची समजूत घालतांना, आपला तरुण मित्र सेरेनस वारला तेव्हां आपणच इतके रडलों कीं शोकानें जिंकलेल्या लोकांत आपली गणना व्हावी, असें तो मोकळेपणानें सांगतो. कॉर्सिकांत असतांना ज्या बापानें स्वतःच्या मुलाविषयीं एक अक्षर काढलें नव्हतें, त्यालाच वीस वर्षांनीं हें लिहितां आलें. शोक हा बुद्धीचा दोष, हें पंथाचें मत त्यानें सोडलें नाहीं. मात्र तो दोष आपल्यांतहि आहे हें सांगून उपदेश करण्याचा अधिकार त्यानें मिळविला.

याकरितां, घरांतील एखाद्या खचलेल्या माणसाच्या हातीं स्टोइक विचारांचें पुस्तक द्यावें काय, असें कोणी विचारल्यास आम्ही द्यावें असेंच म्हणूं. परंतु वेंच्यांचें देऊं नये. हेल्व्हियाचें पत्र सबंध द्यावें, व तें घाव ताजा असतां देऊं नये, कारण खुद्द लेखकानेंच तितका धीर धरला होता. आणि देणारानें त्यापूर्वीं पॉलिबियसचें पत्र स्वतः एकदां वाचावें. दुसऱ्याला तत्त्वज्ञान सांगतांना आपल्याला त्याच्याकडून काय हवें आहे, त्याचें दुःख शमावें हें, कीं त्याचें रडणें आपल्या कानांवर येऊं नये हें, याचा विचार त्या वाचनानें आपोआप सुरू होतो.